येसाबाईचं पाणी

भांडं मोरीत ओतण्याआधी येसाबाई ते उन्हात तिरपं धरून बघायची. सकाळी गिरणीचा दुसरा भोंगा झाला की इस्पितळाच्या मागच्या पायरीवर ती एकेक एनॅमलचं भांडं घेऊन उभी राही, डोळे बारीक करी, भांडं जरा हलवी आणि मगच रिकामं करी. असं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. उचलायचं, ओतायचं आणि धुवायचं, एवढंच तिचं काम. मलमपट्टी करणारा आमचा ड्रेसर तिला चिडवायचा, "काय गं येशे, सोनं सापडतंय का त्यात?" ती भांडं खाली न ठेवता म्हणायची, "मानूस सापडतोय."

मी त्या इस्पितळात वॉर्डाचा कारकून होतो. इस्पितळ सोलापुरातलंच, कोणतं ते विचारू नका, आता ते त्या जागी राहिलेलं नाही आणि त्यातली बहुतेक माणसंही नाहीत. मी मंगळवेढ्याकडचा, लिंगायत घरातला. शिकलो म्हणून शहरात आलो. अक्षर सुरेख होतं. त्या अक्षरावरच मला नोकरी लागली आणि त्या अक्षराचाच मला ताठा होता. सगळे मला आप्पा म्हणत. येसाबाईही आप्पाच म्हणे, आणि मी तिला "ए येशे" म्हणे. ती तेव्हा पंचेचाळिशीची असेल, मी चोवीस वर्षांचा. हजेरीच्या वहीतही 'येशी' एवढंच होतं. तिचं नाव येसाबाई आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि ते तिच्या तोंडावर म्हणायची वेळ एकदाच आली.

तिची जात सांगत नाही. जिच्या हातचं पाणी चालत नाही, एवढं म्हटलं की त्या काळच्या माणसाला पुरे होई. पिण्याचा माठ वॉर्डाच्या पुढच्या दारापाशी होता आणि तिचा वावर मागच्या दारानं. माणसाच्या पोटातून बाहेर पडलेलं सगळं तिनं हातांनी उचलायचं. त्याच माणसाला घोटभर पाणी मात्र तिनं द्यायचं नाही. याचं आम्हाला कुणालाच काही वाटत नसे. तिला मात्र त्याचं हसू येई. "आत जानारं पानी तुमचं," ती म्हणायची, "भाईर येनारं माझं. वाटनी झालीया की आपली."

रोज सकाळी ती मागच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून खाटेगणिक खबर सांगे आणि मी चार हात लांबून ऐकून पाटीवर लिही. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक दगडी पाटी टांगलेली असे. डॉक्टरसाहेबांचे कागद इंग्रजीत. पाटी मराठीत, नातेवाइकांना कळावी म्हणून. पाटीच्या मधोमध तेलरंगाची एक पांढरी रेघ होती. रेघेच्या वर साहेबांचा हुकूम: काय खायचं, काय प्यायचं. रेघेच्या खाली रोग्याचं काय चाललंय ते: ताप किती, जुलाब किती, लघवी किती.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "तीन नंबर दोनदा मुतलाय, पिवळं हाय. पाच नंबरनं सांजंधरनं मूतच केलं न्हाय."

मला शिसारी आली. नुकताच आंघोळ आणि लिंगपूजा करून आलो होतो. मी म्हणालो, "येशे, तोंड सांभाळून बोल. बाईमाणसानं असलं बोलू नये."

"मग काय म्हनू, आप्पा?"

"पाणी म्हण."

ती मग म्हणाली, "बरं. पानी."

दुसऱ्या दिवसापासून तिचं पाणी सुरू झालं. चार नंबरचं पाणी चांगलं, नऊ नंबरचं पाणी गढूळ. मीही रेघेखाली 'लघवी' लिहायचं सोडून 'पाणी' लिहू लागलो. शब्द स्वच्छ दिसत होता. रेघ होती तोवर त्यानं काही बिघडलं नाही.

तिला काय कळतं ते मला एका गिरणी कामगारामुळं समजलं. सुताचा लोखंडी रूळ पायावर पडून त्याची अख्खी मांडी चेचली होती, आणि बराच वेळ तो त्याखाली अडकून पडला होता. साहेबांनी त्याचा पाय वाचवला. जखम लाल, स्वच्छ, पू नाही. साहेब खुश होते. तिसऱ्या दिवशी येसाबाई उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "आप्पा, त्येचं पानी कोऱ्या चहासारखं यायलंय. त्ये बी घोटभर. साहेबाला सांगा." मी भीत भीत सांगितलं. साहेब म्हणाले, "पायाकडं बघा, किती छान भरतोय." पाय खरंच भरत होता. पण माणूस सुजत गेला, त्याला उचक्या लागल्या, मग झापड आली, आणि सातव्या दिवशी तो संपला. येसाबाई त्याचं भांडं घासताना म्हणाली, "पाय बरा झाला म्हनावं की त्येचा."

त्यानंतर मी तिला विचारू लागलो आणि ती सांगू लागली. मार लागून मांस चेचलं, बाळंतपणात अंगावरून फार गेलं, घोणस चावली, वैदूनं पाऱ्याचा रसकापूर चारला, पटकी झाली, रोग कोणताही असो, त्याची वाट तिच्या भांड्याशी येऊन मिळायची. "पोटात गाळनी हाय," ती म्हणे, "ती बुजली की मानूस बुजला." रोग्यांच्या तिच्या लेखी दोनच जाती होत्या, सुकलेला आणि सुजलेला. "सुकल्याला पाजावं, सुजल्याला राखावं. उलटं केलं की मेला." माझा भाचा पुढं डॉक्टर झाला. मूत्रपिंडं एकाएकी निकामी कशी होतात हे त्यानं मला तासभर समजावलं, तेव्हा हे आपण पूर्वी ऐकलंय असं मला सारखं वाटत होतं.

आमच्याच भागातला एक शेतकरी आला होता. ज्वारी काढताना त्याला घोणस चावली होती. रक्त वाहायचं थांबलं, आता सुटला म्हणेपर्यंत त्याचं पाणी अडलं. डोळ्यांवर सूज, पायावर बोट दाबलं की खळगा. साहेबांनी मला पाटीवर रेघेच्या वर लिहायला सांगितलं: 'मीठ बंद. पाणी बंद.' ओठ ओले करण्यापुरतंच द्यायचं. त्याचा भाऊ कळवळून म्हणाला, "मरायचाच हाय तर तहानंनं कशापायी मारायचा?" आणि तांब्या घेऊन उठला. मागच्या दारातून येसाबाई ओरडली, "ठिव त्यो तांब्या! सुजलाय त्यो. पाजलास तर खाटंवर बुडून मरंल."

नऊ दिवस त्याच्या भांड्याचा तळ जेमतेम ओला होत होता. घरचे गाडी जुंपून त्याला न्यायला आले, तेव्हा तिनं पायरीवरून त्यांना अडवलं. "दोन दिस थांबा की. मरायचा असला तर तितं बी मरतोय." दहाव्या दिवशी सकाळी ती भांडं घेऊन धावत आली आणि भान विसरून एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. "आप्पा, परतलं! पानी परतलं की मानूस परतला!" पुढचे चार-पाच दिवस त्याला भांडी पुरेनात. तो आपल्या पायांनी चालत घरी गेला. जाताना त्याच्या भावानं साहेबांना धोतरजोडी दिली, मला पिशवीभर ज्वारी दिली, आणि येसाबाईला लांबून पायरीवर एक भाकरी टाकली. तिनं ती उचलली, झटकली आणि पदरात बांधली. "मऊ हाय," एवढंच म्हणाली. मला त्या वेळी काहीही वाटलं नाही, आणि याची मला आज लाज वाटते.

मग मरीआईचा फेरा आला. शहरात पटकी, आसपासच्या तालुक्यांत पटकी. व्हरांड्यातही खाटा टाकल्या. पाट्या कमी पडल्या म्हणून मी शाळेच्या सामानाच्या दुकानातून डझनभर पाट्या आणल्या. त्यांवर रेघ नव्हती. रेघ मारायला रंगारी बोलवायचा होता. मी म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात.

तशा एका कोऱ्या पाटीच्या खाटेवर, आठ नंबरला, नरसम्मा आली. हातमागावर लुगडी विणणाऱ्या मल्लय्याची बायको, तेलुगू घरातली, पंचविशीची. उलट्या-जुलाबांनी तिचे डोळे खोल गेले होते आणि बोटं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. साहेबांनी शिरेतून मिठाचं पाणी चढवलं, तशी ती डोळे उघडून नवऱ्याला ओळखू लागली. बुधवारी दुपारी साहेबांना माळशिरसकडं पटकीची लस टोचायला जायचं होतं, ते शुक्रवारी परतणार होते. निघताना त्यांनी मल्लय्याला बजावलं, "घोट घोट पाणी पाजत राहा. थांबू नकोस." मी पाटीवर तसंच लिहिलं आणि मल्लय्या पाजत राहिला.

गुरुवारी सकाळी येसाबाई उंबऱ्याशी आली. "आठ नंबर. उलटी बंद, जुलाब बंद. आन पानी बंद. कालधरनं थेंब न्हाय. सुकलेली हाय, आप्पा. नुसतं तोंडानं पाजून भागायचं न्हाय, सुईनं चढवाय लागंल. साहेबाला सांगावा धाडा."

मला घाई होती, खाटा दुप्पट झाल्या होत्या. मी ओल्या फडक्यानं आठ नंबरची पाटी वरपासून खालपर्यंत पुसली, कारण थांबायला रेघच नव्हती. आणि लिहिलं:

उलटी बंद.
जुलाब बंद.
पाणी बंद.

तीन ओळी एकाखाली एक इतक्या देखण्या उतरल्या की मी दोन पावलं मागं सरकून त्या बघितल्या. सांगाव्याचं नर्सबाईंच्या कानावर घालायला हवं होतं, ते राहिलं. लिहिलं म्हणजे काम झालं, असं कारकुनाला वाटतं.

मल्लय्याला वाचता येत नव्हतं. शेजारच्या रोग्यापाशी एक शाळामास्तर बसले होते, त्यांना त्यानं विचारलं. मास्तरांनी वाचून नीट अर्थ सांगितला, "उलटी थांबली, जुलाब थांबले, आता पाणी बंद ठेवायचं." नर्सबाईंनीही जाता जाता पाटी वाचली. 'पाणी बंद' हे शब्द साहेब नेहमीच लिहायला लावत, त्यामुळं त्यांना काही खटकलं नाही. मल्लय्या सरळ माणूस. इस्पितळात सांगतील ते ऐकायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं तांब्यावर फुलपात्र पालथं घातलं आणि तो मांडीत घट्ट धरून बसला. नरसम्मा "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणत राहिली आणि तो तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिला. नीळ्ळु म्हणजे पाणी, हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी मी दोनदा त्या खाटेजवळून गेलो. मला ते ऐकू आलं होतं. तांब्या त्याच्या मांडीत दिसला, मला वाटलं पाजतोय.

संध्याकाळच्या फेरीला येसाबाई आली तेव्हा मी घरी गेलो होतो. भांडं कोरडं होतं. तिनं लांबूनच मल्लय्याला खूण केली, पाज म्हणून. त्यानं पाटीकडं बोट दाखवलं. तिलाही वाचता येत नव्हतं. आप्पानं साहेबांना कळवलं असेल, साहेबांनीच काही ठरवलं असेल, असं धरून ती गेली.

शुक्रवारी सकाळी मी आलो तर वॉर्डात कल्लोळ माजला होता. भांडं सकाळीही कोरडंच बघून येसाबाई पुढच्या दारानं आत आली होती. तिनं माठात हात घालून फुलपात्र भरून घेतलं होतं आणि नरसम्माचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन ती तिच्या तोंडात पाणी सोडत होती. मल्लय्या तिच्या पाठीत बुक्क्या मारत होता. "माठ बाटवला!" म्हणून रोगी खाटांवर उठून बसले होते, काल ज्यांना कूस बदलता येत नव्हती तेसुद्धा. ती पाठ वळवून मार घेत होती आणि म्हणत होती, "मारा, मागनं मारा. आदी पिऊ द्या तिला." नरसम्मा पीत होती. हात कुणाचा, हे तिनं बघितलं नाही.

मला बघताच येसाबाई म्हणाली, "आप्पा, पाटीवर काय लिवलंय वो? वाचा की मोठ्यानं."

मी वाचलं, "पाणी बंद."

"कंचं पानी?"

एवढ्या आरडाओरडीत तो प्रश्न माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेला नसावा. मी ओलं फडकं घेतलं, पाटी पुसली आणि तिच्यावर लिहिलं, 'पाणी पाजणे'. अक्षर तेवढंच सुंदर आलं.

माठ फोडून टाकला. साहेब दुपारी परतले तेव्हा फाटकापासून त्यांच्या कानावर माठच पडत होता. नरसम्माचं नाव कुणी काढलं नाही. साहेबांनी आधी तिला पाणी चढवलं, ती त्यांची माणुसकी. मग नर्सबाईंना आणि मला खोलीत बोलावलं. येसाबाई दाराबाहेर उभी होती.

"हिला पाणी कुणी बंद केलं?"

नर्सबाई म्हणाल्या, "पाटीवर होतं."

"मी सांगितलं नव्हतं. कुणी लिहिलं?"

मी म्हणालो, "येशीनं तसं सांगितलं, साहेब." आणि हे शब्दशः खरं होतं. खऱ्यासारखा आडोसा दुसरा नाही.

येसाबाई दारातून म्हणाली, "म्या भाईरचं सांगितलं व्हतं साहेब, आतलं न्हाय."

साहेब दोन दिवसांच्या प्रवासानं वैतागले होते. म्हणाले, "मग लघवी म्हणायला काय झालं होतं तुला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं नाही, वाट बघितली. मी बोलावं म्हणून पुरेसा वेळ तिनं मला दिला. मी टेबलावरच्या दौतीकडं बघत होतो. दौतीच्या काठाला शाईचा एक सुकलेला ओघळ होता, तो मला अजून दिसतो.

मग ती साहेबांना म्हणाली, "चुकलं, साहेब. बाईमानसानं असलं बोलू न्हाई म्हनत्यात."

माझंच वाक्य होतं ते. तिनं ते मला परत दिलं आणि माझं नावही घेतलं नाही.

साहेब मनानं वाईट नव्हते. तिनं पाजलं ते योग्यच होतं, हे त्यांनी माझ्यादेखत कबूल केलं. पण ती राहिली तर आम्ही जातो असं निम्मा वॉर्ड म्हणत होता आणि ऐन पटकीत त्यांना वॉर्डात बंडाळी नको होती. माठ बाटवल्याबद्दल येसाबाईला त्याच दिवशी काढून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते दुसरं काय असतं? चोर तिथंच होता, आणि तिला काढल्याची नोंद त्यानंच सुवाच्य अक्षरात केली.

संध्याकाळी ती जाताना दिसली नाही म्हणून मी मागच्या दाराशी गेलो. ती पायरीवर उभी होती, हातात आठ नंबरचं भांडं, कलत्या उन्हात तिरपं धरलेलं. काढल्यावरही ती आपली फेरी करून आली होती. साहेब व्हरांड्यातून चालले होते. ती ओरडली, "साहेब, आलंय! अर्धी वाटी आलंय. लाल हाय, पर आलंय!" साहेबांबरोबर नव्या माठाबद्दल बोलणारे दोघंतिघं होते. ते न थांबता म्हणाले, "ठेव ते तिथं आणि जा आता." तिनं भांडं पायरीवर ठेवलं. पदरानं हात पुसले. मला म्हणाली, "उद्या बघा कोन तरी. रोज बघाय लागतंय त्ये."

दुसऱ्या दिवसापासून कुणी बघितलं नाही. नवी बाई यायला आठवडा लागला. तोवर भांडी कशीतरी रिकामी होत होती. अर्धी वाटी आली होती ती शेवटचीच. आता नरसम्मा सुकलेली राहिली नव्हती, सुजू लागली होती, आणि पाटीवर मी लिहिलेलं 'पाणी पाजणे' तसंच होतं. मल्लय्या पाटीप्रमाणं पाजत होता. सांगितलेलं चुकवायचा नाही तो. साहेबांच्या लक्षात आलं तेव्हा तिच्या डोळ्यांच्या फटी उरल्या होत्या आणि श्वासाला उग्र वास येत होता. उचक्या लागल्या, झापड आली. आठव्या दिवशी ती गेली. त्या बाईनं शिवल्यामुळं बायको गेली, असं मल्लय्या सगळ्यांना सांगत होता. मलाही सांगितलं. मी मान हलवली.

पुढं मी मोठा कारकून झालो. सगळ्या पाट्यांवर मी रंगाऱ्याकडून रेघा मारून घेतल्या आणि रेघेखाली 'लघवी' हा शब्द रंगातच लिहवून घेतला. माझ्या टापटिपीचं कौतुक झालं.

अडीचेक वर्षांनी नव्या बाईकडून कळलं की येसाबाई फार आजारी आहे. सार्वजनिक संडासांवर तिला काम मिळालं होतं. तिथं पायाला गंजका पत्रा लागला, पाय चिघळला, ताप आला आणि मग सूज. "आमच्या येसाबाईला" असं ती बाई म्हणाली, तेव्हा मला तिचं नाव कळलं. रविवारी दुपारी मी तळ्यापलीकडच्या तिच्या वस्तीत गेलो. त्यानंतर तीन दिवसांनी ती गेली.

ती वाकळेवर पडली होती. तोंड सुजून ओळखू येत नव्हतं. सून उशाशी बसून ओल्या चिंधीनं तिचे ओठ पुसत होती. बाजूला तांब्या भरलेला. मी दारातून हाक मारली, "येसाबाई."

तिनं आवाज ओळखला. "येसाबाई म्हनालासा? मग आता जाते मी खरंच."

"काय होतंय तुम्हाला?"

"चार दिस झालं, पानी..." ती थांबली आणि त्या सुजलेल्या तोंडानं हसली. "मूत बंद झालंय, आप्पा. आता म्हनू की?"

मी खाली बसलो. पाठ करून आणलेलं सगळं बोललो. शब्द माझा होता, पाटी माझी होती, साहेबांपुढं मी बोलायला हवं होतं. तिनं ऐकून घेतलं.

"माझं बी चुकलंच की," ती म्हणाली. "गुरवारी सांजच्याला मला कळाय पायजे व्हतं. तुमच्या अक्षरावर भरवसा ठिवला."

मी म्हणालो, "टांगा आणतो, साहेबांकडं नेतो."

"काय करतोय साहेब? सुजल्याला राखावं. राखायलीय की सून."

मग मी ते बोललो, ज्याच्यासाठी खरं तर आलो होतो. वाटेत मी मुद्दाम कुठंही पाणी प्यालो नव्हतो. म्हणालो, "येसाबाई, मला तहान लागलीय. तुमच्या हातचं पाणी द्या."

सून दचकली. माझ्या कपाळावरच्या विभूतीकडं बघत तिनं तांब्या उचलला आणि सासूच्या हाताशी नेला. येसाबाईनं हात पुढं केला नाही.

"ठिव गं माघारी," ती म्हणाली. मग माझ्याकडं तोंड वळवलं. "तुमाला कशाला, आप्पा? माझ्या हातचं तिला पायजे व्हतं, तवा तुमी पाटी पुसलासा. आज पिऊन तुमी मोकळं व्हनार. ती काय उठत न्हाय."

मी उठू लागलो. ती म्हणाली, "ऊन उतरल्यावर जावा. मोकळ्या पोटी घेरी यील."

सुनेनं तांब्या कोपऱ्यात ठेवला आणि त्यावर फुलपात्र पालथं घातलं. मी तसाच उन्हात निघालो.